बिनखळीचा गालिचा

"जा ना, जा! तिथी गुलाब फुलवा! आमी मरतो इथी चिखलात!"

देवकाबाईचा आवाज धानाच्या बांधीतून निघाला तो थेट सडकेपर्यंत गेला. गुडघाभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बाया हातातल्या पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, जुड्या तशाच धरून उभ्या राहिल्या. नवरा-बायकोचं भांडण फुकटात पाहायला मिळालं की कंबर आपोआप सरळ होते, हे आमच्या हळदीटोल्यातल्या बायांना कोणी शिकवावं लागत नाही.

बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, इस्तारी उभा होता. वहाणा हातात, डोक्यावर घोंगडीची खोळ, आणि खोळीवरून आषाढाचं पाणी ओघळत होतं.

"सांजच्याले येतो ना वं. उद्या अर्धा दिस येतो रोवन्याले."

"तुमचा उद्या आपल्या टोल्याच्या सडकेवानी! दरसाली येनार म्हनतेत, अन येत कवाच नाई!"

बाया खळखळून हसल्या. इस्तारीलाही हसू आलं होतं, पण आता हसलं तर भांडण घरापर्यंत जाईल एवढं पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला कळलं होतं.

"मले माग भेटनार हाये वं. तुले समजत नाई."

"भेटू द्या. भेटला का त्याच्याच लाकडावर भात शिजवीन!"

इस्तारी वळला आणि त्यानं पिपरीची वाट धरली. दोन मैल चिखल तुडवायचा होता.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि तिचंही खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. इस्तारीच्या घराण्यात घोंगडीशिवाय दुसरं काही कोणी केलं नाही. आजा विणायचा, बाप विणायचा, इस्तारी विणत आला. बापाच्या वेळी दारात चाळीस मेंढ्या होत्या. मग जंगलखात्यानं चराई बंद केली, जंगलाचा हा कूप बंद, तो कूप बंद, आणि मेंढीनं काय सडकेचे गोटे खायचे? चाळीसाच्या सात राहिल्या. त्यात चामोर्शीच्या बाजारात मिलची ब्लँकेटं आली. लाल-निळी, गुळगुळीत. पाण्यात भिजली की चिंधीसारखी गळतात, पण बाजारात टांगलेली बरी दिसतात, आणि माणूस डोळ्यांनी खरेदी करतो. इस्तारीच्या घोंगड्या दोन-दोन बाजार हिंडून घरी परत यायला लागल्या.

देवकाबाईचा भाऊ लटारू राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत लागला होता. त्याचे निरोपावर निरोप यायचे, की भाऊजी, या, काम लावून देतो. इस्तारी एकदा जाऊन आला. वर येणारी काळी माणसं पाहिली, ती ज्या भोकातून येत होती ते भोक पाहिलं आणि त्याच दिवशी परत फिरला. "मेल्यावर जाचंच हाये मातीखाली," तो म्हणाला, "जितेपनी काऊन जाऊ?"

तर छप्पन सालच्या चैत्रात पिपरीला भैयाजीच्या धानाच्या कोठारावर पाटी लागली. गालिचा प्रशिक्षण केंद्र. भैयाजी म्हणजे पिपरीचा मोठा माणूस. कोठारही त्याचं, ज्या बांधीत देवकाबाई मजुरीनं रोवत होती तीही त्याचीच. केंद्राचे निरीक्षक गुणवंतराव नागपूरहून आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. एक चालायचं, दुसरं शोभेला. त्यांनी झाडाखाली सभा घेऊन सांगितलं, "सहा महिने शिकायचं. दसऱ्याच्या आधी साहेब येऊन परीक्षा घेतील. ज्याचा गालिचा साहेब पास करतील त्याला सरकार माग घरी देईल. लोकर देईल. माल नागपूरच्या दुकानात जाईल."

माग घरी. एवढेच दोन शब्द इस्तारीच्या कानात शिरले आणि तिथंच घर करून बसले.

देवकाबाईनं मात्र त्याच रात्री भाकरी वाढताना मुदत घालून टाकली होती. "दसऱ्यापरेंत पाहा. नाई भेटला माग, त मेंढ्या इकाच्या अन लटारूभाऊकडे जाचं. मले आता दुसऱ्याच्या चिखलात मरन नाई जमत."

"बरं," इस्तारी म्हणाला होता.

आता त्या केंद्राची तऱ्हा ऐका. आठ माणसं शिकायला, आठ माग, शिकवायला मिर्झापूरकडचा बाबुलाल मास्तर, आणि लोकर नाही. लोकर येते आहे, येते आहे म्हणत चैत्र गेला, वैशाख गेला. तोवर ही आठ बाप्ये माणसं अंबाडीच्या दोरीवर गाठी मारायला शिकत बसली. एकदाची ज्येष्ठात लोकर आली ती लाल आणि पांढरी; हिरवी आलीच नाही. गालिच्याच्या नकाशात गुलाबाला पानं होती. गुणवंतराव म्हणाले, "पानं पुढच्या वर्षी." बिनपानांचे गुलाब विणायला सगळे बसले. त्यात गुलाब पाहिला होता कोणी? आमच्याकडे पळस माहीत, मोह माहीत. इस्तारीनं विचारलं तेव्हा मास्तरानं हवेत बोट फिरवून गुलाब दाखवला आणि इस्तारी म्हणाला, "हे त कांद्यावानी दिसून राह्यलं, मास्तर."

पण बाबुलाल मास्तर माणूस सच्चा होता. भात त्याच्या घशाखाली उतरत नसे, गावची भाषा त्याला येत नसे, पण मागावर बसला की त्याची बोटं बघत राहावी. उभ्या मागाची उभी दोरी, तिच्यावर लोकरीची गाठ, सुरीनं टच्च कापायची, ओळ झाली की आडवा धागा घालायचा आणि वरून लोखंडी पंजा हाणायचा. पंजा म्हणजे माणसाच्या पंजासारखाच, जड, बोटं पसरलेला. तो बसला की ओळ अशी दाबून बसे की सुई शिरू नये. इस्तारीला मागापेक्षाही त्या पंज्याचं वेड लागलं. घोंगडीच्या मागावर असं हत्यार नव्हतंच.

पहिल्या महिन्यात त्याची दिवसाला दोन बोटं विणून व्हायची. बाकीचे घरी जायचे, हा अंधार पडेपर्यंत बसायचा. भादव्यात मास्तर त्याच्या मागे येऊन उभा राहिला आणि वाकून वीण पाहून म्हणाला, "इस्तारी भाई, तुम्हारे हाथ में हुनर है."

दुसऱ्या टोकाला भैयाजीचा पुतण्या मनसाराम होता. मेंढीला लोकर कोणत्या अंगाला येते हे त्याला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही नव्हती. तो दुपारी यायचा, पान खायचा, दोन गाठी मारायचा आणि निघून जायचा. त्याचा गालिचा गुणवंतरावांच्या सांगण्यावरून अर्धा मास्तरानंच विणला. कोठार कोणाचं आहे हे गुणवंतरावांना चांगलं ठाऊक होतं.

दसऱ्याला चार दिवस उरले तेव्हा इस्तारीचा गालिचा मागावरून उतरला. मास्तरानं कातरीनं वरची लोकर सारखी केली, हात फिरवला आणि म्हणाला, "बस. काम खतम." मग मास्तर आणि गुणवंतराव साहेबांना आणायला जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, गेले. जाताना कोठाराची किल्ली मास्तरानं इस्तारीच्या हातात दिली. भरवशाचा तोच एक.

आणि इथं घोळ झाला. घोळ असा, की तो दुसऱ्या कोणत्या मुलखातल्या माणसाच्या हातून झालाच नसता.

इस्तारीच्या लोकांत मागावरून उतरलेली घोंगडी ही घोंगडीच नव्हे. ती अजून कच्ची. तिला तलावात न्यायचं, भिजवायचं, घरच्या चार माणसांनी पायांनी तुडवायची, म्हणजे धागा धाग्याला धरतो. मग चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि कुंच्यानं सगळ्या अंगाला द्यायची. उन्हात वाळली की ती कडक होते, बोटानं वाजवली की वाजते, आणि मग तिच्यातून थेंब उतरत नाही. खळ न दिलेली घोंगडी एकाच कामाला येते. मढ्यावर घालायला. म्हणून बिनखळीची घोंगडी कोणी जिवंत माणसाच्या हातात देत नाही. दिली तर तू मेलास म्हणण्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई पहिल्यांदाच केंद्रात आली. रागातच आली होती, पण गालिचा पाहून राग विसरली. खाली बसून तिनं त्यावर हात फिरवला.

"लय मऊ झाला," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "खळ?"

"मास्तर काई बोलला नाई."

"त्यायले काय ठाव आपल्याकडचं? परदेसी मानूस. अवो, एवढा मोठा सायेब येनार, त्याच्या पायाखाली तुमी बिनखळीचं टाकनार? उद्या त्याचं काई बरंवाईट झालं त?"

इस्तारीच्या मनात तेच होतं. सहा महिने त्याला त्या मऊपणाची चुटपुट लागून होती. मास्तर खतम म्हणाला तेव्हा त्याला वाटलं होतं की मागावरचं काम खतम.

मग काय, दोघांनी कंबर कसली. देवकाबाईनं घरचे चिंचोके आणले, पिपरीच्या बोडीवर, तिथल्या लहान तलावावर, तीन दगडांची चूल मांडली. टोल्यातली दोन माणसं हाताशी आली. गालिचा पाण्यात बुडवला, पाळीवरच्या सपाट दगडी फाडीवर अंथरला आणि चौघांनी गाणी म्हणत तुडवला. पाणी लाल निघालं. "कोऱ्या कपड्याचं जातेच पहिलं पानी," देवकाबाई म्हणाली. दोघं नवरा-बायको एकाच कामाला असे बऱ्याच वर्षांनी लागले होते. रोवणीपासून धरलेला अबोला त्या पाण्यात कुठं वाहून गेला ते त्यांनाही कळलं नाही. तिनं पातेलं धरलं, त्यानं कुंचा चालवला. आश्विनाचं ऊन कडक होतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गालिचा वाळला.

इस्तारीनं बोटानं वाजवला. टक्. उचलून भिंतीला लावला तर तो आपल्या पायावर उभा राहिला.

"आता झाला!" तो म्हणाला. त्या सहा महिन्यांत त्याच्या तोंडावर एवढा आनंद कोणी पाहिला नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साहेब आले. दारातून आत शिरताच बाबुलाल मास्तराची नजर गालिच्यावर गेली आणि तो धावतच जवळ गेला. लाल रंग पांढऱ्यात पसरून गुलाबांचं भरीत झालं होतं. वर कापलेली मऊ लोकर एकात एक गुंतून नमद्यासारखी बसली होती, आणि सगळा गालिचा पापडासारखा ताठ.

"ये क्या किया, भाई," मास्तर म्हणाला. "ये क्या किया..." तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

साहेबांनी बुटाच्या टोकानं गालिचा ढकलला. तो टक् वाजला. "हे दार आहे की गालिचा?" साहेब म्हणाले. गुणवंतराव हसले, म्हणून भैयाजी हसला, म्हणून सगळे हसले.

"खळ देल्ली, जी," इस्तारी म्हणाला.

"कोणी सांगितलं होतं?" गुणवंतरावांचा आवाज चढला. "सहा महिने घसा फोडला आम्ही! अडाणी ते शेवटी अडाणीच!"

"सांगाले कायले लागते जी? बिनखळीचं मढ्यावर टाकतेत." इस्तारीनं साहेबांकडे पाहून हात जोडले. "तुमी जिते हा. तुमच्या पायाखाली कसं देऊ?"

कोठारात कोणी हसलं नाही. साहेबांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. काहीतरी त्यांच्याही मनात आलं असेल, पण मनातलं लिहायला कागदावर रकाना नव्हता. त्यांनी लिहिलं, नापास.

पास एकटा मनसाराम झाला आणि माग त्यालाच मिळाला. आयत्या बिळावर नागोबा! मनसारामनं हार घालून घेतला आणि माग भैयाजीच्या मागच्या पडवीत गेला. बाकीचे सात माग ट्रकवर चढले. केंद्र संपलं. इस्तारीचा बिघडलेला गालिचा कोणालाच नको होता, म्हणून तो त्याच्याकडेच राहिला.

ट्रकजवळ मास्तर पेटी भरत होता. लोखंडी पंजा त्यानं हातात घेऊन फिरवला, इस्तारीकडे पाहिलं, आणि यादीत लिहिलेला म्हणून पेटीत ठेवला. "करघा तो लकड़ी है, इस्तारी भाई," तो ट्रकवरच्या मागांकडे बोट दाखवून म्हणाला. "हाथ तो घर ले जा रहे हो ना." बोलायला काय, सोपं असतं. इस्तारीला त्या वेळी आपले हात नुसते लटकल्यासारखे वाटत होते.

गालिचा डोक्यावर घेऊन तो निघाला आणि अर्ध्या वाटेत परतीच्या पावसानं गाठलं. असा पाऊस की पुढची वाट दिसू नये. घरी पोचला तेव्हा देवकाबाई दारात उभी होती. बातमी तिला त्याच्या चालण्यावरूनच कळली. आधी तिनं कपाळावर हात मारला.

"माह्यानंच झालं. खळीचं मीच बोलली."

"माह्या बी मनात तेच होतं वं."

"मंग उद्या सोनं लुटलं का मेंढ्या इकाच्या?"

त्यानं गालिचा डोक्यावरून उतरवला. देवकाबाईनं सवयीनं त्याच्या डोक्यावर पदर टेकवला आणि तिचा हात थांबला. केस कोरडे. खांदे कोरडे. तिनं गालिच्याची आतली बाजू चाचपली.

"अवो, दोन मैल आले ना तुमी या पान्यात?"

त्याच पावसात धानोऱ्याकडचा पत्रू गोंड बांबूची गाडी घेऊन अडकला होता. बैल झाडाखाली सोडून तो इस्तारीच्या पडवीत आसऱ्याला आला आणि बसायला काही नाही म्हणून त्याच पापडावर बसला. बसला तो उठेना. गाडीच्या धुरेवर, हाकायच्या जागेवर, आठ-आठ दिवस बसून त्याच्या बुडाची सालटं निघालेली. खालून लाकूड, वरून पाऊस, आणि पुढे पौषातली थंडी यायची.

"इस्तारीभाऊ," तो म्हणाला, "हे मले दे. गाडीवर टाकतो. धानाचं पोतं टाकून जाईन पुढल्या खेपीले."

"अरे, हे बिघडलं हाये बावा. सायेबानं नापास केलं."

"सायेब कवा बसला गाडीवर?" पत्रू म्हणाला. "अन माह्या भावालेबी एक पायजे."

पत्रू गेला. गालिचा घेऊन गेला. इस्तारी मेंढवाड्याकडे पाहत बसला. चाळीस मेंढ्यांचा वाडा, सात मेंढ्या एका कोपऱ्यात. मधले दोन सागाचे खांब, बापानं पुरलेले, हत्तीनं ढकलले तरी हलणार नाहीत असे.

"देवके," तो म्हणाला, "उभ्या मागाले काय लागते? दोन खांब अन दोन आडवी लाकडं. खांब त उभेच हायेत."

"अन दसरा?"

"संक्रातीपरेंत पाहू."

देवकाबाई फणकारली, पण तिसऱ्या दिवशी आडवं लाकूड बांधायला दोरी तिनंच धरली. खांब थोडे वाकडे होते म्हणून माग वाकडा झाला. उभ्या दोरीला अंबाडी, गाठींना घरच्याच मेंढ्यांची काळी-भुरी लोकर. रंग जायचं भय नाही. गुलाब नाही, कांदा नाही, नुसते काळे-भुरे पट्टे. वरून बोडीत तुडवून खळ. सगळं जमलं, एक पंजा जमला नाही. लोहारानं जुन्या विळ्यांचा करून दिला, त्याचे दात चार दिवसांत वाकले. मग लाकडाचा केला. तो ओळ दाबायचा नाही, नुसता थापटायचा. जी ओळ मास्तराच्या पंज्यानं दोन ठोक्यांत बसायची तिला इस्तारी वीस ठोके घालायचा. रोज संध्याकाळी त्याचं मनगट सुजायचं आणि रोज तो लाकडाचा पंजा अंगणात फेकून शिव्या घालायचा. सकाळी देवकाबाई तो उचलून आणायची. पण पौष लागेपर्यंत धानोऱ्याच्या सडकेवर सहा गाड्यांच्या धुरेवर इस्तारीची बसकरं होती.

मध्यंतरी नोव्हेंबरात राज्यच बदललं होतं. मध्यप्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो, म्हणजे गाव तिथंच राहिलं, साहेब बदलले. नवे साहेब तरुण होते, गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडायचे. एका नाल्यावर त्यांची जीप अडली, मागे पत्रूची गाडी उभी होती. साहेबांनी बसकर पाहिलं, दाबून पाहिलं, पाणी टाकून पाहिलं. आणि चौथ्या दिवशी गुणवंतरावांना घेऊन आमच्या हळदीटोल्यात हजर.

"सुंदर काम आहे," साहेब म्हणाले. "कुठं शिकलात?"

"पिपरीच्या केंद्रात, जी. नापास झालो."

"लाजाळू आहे, साहेब," गुणवंतराव घाईनं म्हणाले. "आमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आपल्या केंद्राचं हेच तर यश आहे."

ज्याच्या हाती ससा तो पारधी! इस्तारीनं देवकाबाईकडे पाहिलं. ती चिंचोक्यांची टोपली घेऊन ओट्यावर बसली होती. तिनं ओठ असे मिटून घेतले होते की ते उघडले असते तर गुणवंतरावांना पळायला वाट मिळाली नसती.

साहेबांना अहवालासाठी फोटो हवा होता. पण मेंढवाड्यातला वाकडा माग पाहून गुणवंतरावांचं तोंड आंबट झालं. "हे फोटोत बरं दिसणार नाही, साहेब. थोडा वेळ द्या."

थोडा वेळ म्हणजे दुपार गेली. भैयाजीच्या गाडीत घालून मनसारामचा माग आला. त्याच्यावर कोंबड्या बसत होत्या हे धुतल्यावरही कळत होतं. जाताना मास्तरानं चढवून दिलेल्या उभ्या दोऱ्या तशाच, वीतभर वीण झालेली, तीही त्याच्याच हातची. त्यापुढे तीन महिन्यांत एक गाठ वाढली नव्हती. दोरीला लोखंडी पंजा टांगलेला होता. ट्रकवर न गेलेला, या मागाच्या वाट्याचा.

इस्तारीला मागापुढे बसवलं. नवा पंचा त्याच्या खांद्यावर टाकला. "गाठी मारा," साहेब म्हणाले. तो गाठी मारू लागला. एक ओळ झाली. त्यानं पंजा उचलला, हाणला, आणि दोन ठोक्यांत ओळ बसली. पंजा उचललेला असतानाच फोटो काढून झाला होता. साहेब जीपजवळ विडा खात होते. इस्तारी दुसऱ्या ओळीवर होता.

"पुरे, पुरे," गुणवंतराव म्हणाले. "उठा आता. गाडी परत पाठवायची आहे."

इस्तारी उठला नाही. "माग इथीच राहीन ना जी?"

"इथं कसा राहील? मनसारामच्या नावावर नोंद आहे."

"त्यानं तीन महिन्यात एक गाठ नाई मारली, जी. तुमीच पाहा ना!"

"ते त्याचं तो पाहील. सरकारी नोंद मी बदलू का?" गुणवंतराव जरा नरमले. "तुमचा फोटो छापून येईल, इस्तारीभाऊ. मोठ्या साहेबांच्या भिंतीवर लागेल. अजून काय पाहिजे?"

काय पाहिजे ते इस्तारी चैत्रापासून सांगत होता. देवकाबाई टोपली घेऊन उठली, मागाजवळ आली, सांडलेली लोकर वेचून टोपलीत खोल कोंबली आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला उठवलं. "उठा. लोकायच्या वस्तूवर किती बसनार?" दोन गड्यांनी माग उचलून गाडीत टाकला. जीप गेली, गाडी गेली. इस्तारीच्या खांद्यावरचा नवा पंचाही जाताना गुणवंतरावांनी आठवणीनं काढून नेला.

गाडी बोडीच्या पाळीवरून वळून दिसेनाशी झाली तेव्हा इस्तारी ओट्यावर बसला.

"दिस गेला फुकट," तो म्हणाला. "वरतून माह्याच हातच्या दोन ओळी घेऊन गेले भडवे."

"दोन ओळीनं काय होते?" देवकाबाई म्हणाली. ती चिंचोके सुपात ओतत होती. अर्धी टोपली ओतली आणि खालून काहीतरी जड, खणकन वाजून सुपात पडलं. काळा लोखंडी पंजा, बोटं पसरलेला.

इस्तारी उठून उभाच राहिला. "देवके! हे काय केलं वं?"

"काय केलं? फोटोत तुमच्याच हातात व्हता ना? फोटो खोटा कसा पाडाचा?"

"अन शोधत आले त?"

देवकाबाईनं पंजा पदरानं पुसला आणि त्याच्या सुजलेल्या हातात दिला.

"कोन येते? त्यायच्या घरी पंजा नाई हे कळाले, आधी कोनीतरी विनाले बसलं त पायजे!"

इस्तारीनं पाळीकडे एकदा पाहून घेतलं. मग मेंढवाड्यात जाऊन वाकड्या मागापुढे बसला. सकाळची अर्धी ओळ तशीच राहिली होती, ती पुरी केली आणि वरून पंजा हाणला. दोनच ठोके.